इंग्रजीतील आघात आणि आमच्या टाळ्या

आमच्या शाळेतील मुलांस इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग बहुधा बिनचूक येते. तरीही पुढे महाविद्यालयात प्रथमच उभे राहून बोलावयाची वेळ आली की समोरचा 'पुन्हा सांगा' म्हणतो, आणि मुलगा खाली बसतो तो वर्षभर उठत नाही. असे आम्ही अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. दोष बुद्धीचा नव्हे. शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर द्यावयाचा, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा पालटत नाही, म्हणून आपला कान तिकडे वळत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड' हे नाम असता आघात पहिल्या अक्षरावर, क्रियापद असता दुसऱ्यावर. 'हॉटेल' तर आपण मराठीच करून टाकले आहे आणि ते तसेच राहो. मात्र इंग्रजी बोलताना त्याचा जोर शेवटी असतो.

हे केवळ फळ्यावर लिहून शिकविता येणार नाही, असे आमचे मत आहे. चार मुले ओळीने बसवावीत, प्रत्येकाने एकेक अक्षर व्हावे. 'फोटोग्राफ' म्हणताच पहिल्याने उठावे (चौथ्यास या वेळी सुटी), 'फटॉग्रफर' म्हणताच दुसऱ्याने, 'फोटोग्रॅफिक' म्हणताच तिसऱ्याने. वर्ग हसतो, पण विसरत नाही.

वाक्यासाठी टाळी पुरे. 'बॉइज प्ले गेम्स' याला तीन टाळ्या. 'द बॉइज हॅव बीन प्लेइंग द गेम्स' यालाही तीनच. मधली किरकोळ अक्षरे टाळ्यांच्या फटीत दडपून बसवावयाची. यंत्राने मोजल्यास टाळ्यांमधील अंतर तंतोतंत सारखे भरत नाही. पण कान तयार करण्यास एवढा हिशेब चालतो.

सर्वांत मौज पुढच्या खेळात आहे. एकाने म्हणावे, 'आय डिडन्ट टेक युवर पेन'. जोर 'आय'वर असेल तर दुसऱ्याने मराठीत विचारावे, 'मग कोणी घेतले?', 'युवर'वर असेल तर 'मग कोणाचे घेतले?'; 'पेन'वर असेल तर 'मग काय घेतले?' जे काम आपण 'च' लावून किंवा शब्दांची जागा बदलून करतो, ते इंग्रज नुसत्या आवाजाने करतो, हे मुलांस पाच मिनिटांत उमगते. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही नको, असे मानणाऱ्या शिक्षकबंधूंशी आमचा येथेच मतभेद आहे.

साहेबाची नक्कल कशाला, असे काही पालक विचारतात. नक्कल नकोच. आपला मराठी वळणाचा उच्चार खुशाल राहो. ऐकणाऱ्यास शब्द ओळखू यावा, इतकेच मागणे आहे. लेखी परीक्षेत याला गुण नाहीत, ही अडचण मात्र खरी. तरी आठवीपासून आठवड्यास दहा मिनिटे यासाठी काढावीत. टाळ्यांमुळे शेजारच्या वर्गाची तक्रार येईल, तर तेवढा वेळ मुलांस मैदानावरील झाडाखाली न्यावे.