दोन सेंटिमीटरनं काय बिघडतं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांवर माझा राग जुना आहे. भूमितीची आकृती काढताना वर्गातली मुलंही हेच म्हणायची. मुलांचं एक वेळ समजू शकते. पण पैसे घेऊन स्कीवर बाइंडिंग बसवून देणाऱ्या दुकानदारानं असं म्हणावं, हे मला अजिबात पटत नाही.

ज्यांचा बर्फाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. (हिवाळ्यात मी लेकीकडे मिनेसोटात असते, म्हणून हे ज्ञान!) क्रॉस-कंट्री स्की म्हणजे दोन लांब, अरुंद पट्ट्या. बुटाचं फक्त पुढचं टोक बाइंडिंगमध्ये अडकतं, टाच मोकळी राहते. स्की मध्यावर कमानीसारखी उचललेली असते. एका पायावर सगळा भार देऊन रेटा मारला की कमान दबते, बर्फ धरते आणि माणूस पुढे जातो. भार दोन्ही पायांवर वाटला गेला की कमान उठते आणि स्की घसरत राहते.

जुनी रीत सोपी आहे. रिकामी स्की एखाद्या कडेवर आडवी तोलायची, तोल साधेल तिथे पेन्सिलनं खूण करायची आणि बूट जिथे अडकतो ती रेघ बरोबर त्या खुणेवर आणायची. नॉर्वेच्या ब्रोर विथ यांनी १९२७ साली ‘रॉटेफेला’ (म्हणजे चक्क उंदराचा सापळा!) हे बाइंडिंग काढलं. तेव्हापासून सापळे कितीतरी बदलले, पण तोलाचा नियम तोच आहे.

आता कुणी म्हणेल, दोन मीटरच्या स्कीत दोन सेंटिमीटर म्हणजे जेमतेम एक टक्का. वाण्याच्या तराजूची दोरी मध्यापासून दोन बोटं सरकवून पाहा, आणि मग मला टक्केवारी सांगा! बाइंडिंग पुढे गेलं की पकड वाढते, घसरण कमी होते. मागे गेलं की घसरण छान, पण चढावर पाय मागे सटकतो.

माझ्या नातीचं हेच झालं. शाळेच्या संघात ती चढावर मागे पडायची आणि सगळे म्हणायचे, पायात जोर नाही. आम्ही घरी स्की तोलून पाहिल्या. दोन्ही बाइंडिंग तोलाच्या खुणेमागे जवळजवळ दोन सेंटिमीटर! जुनी भोकं बुजवून नवी पाडून घेतली. ती काही लगेच पहिली आली नाही, पण चढ मात्र चढू लागली. तोवर एक अख्खा हिवाळा ती स्वतःलाच दोष देत होती, त्याची भरपाई कोण करणार?

यावर ठरलेलं उत्तर असं की, आता भोकं पाडावीच लागत नाहीत. खरं आहे. २००५ पासून अशा स्की आल्या, की बाइंडिंग किल्लीनं पुढे-मागे सरकवता येतं. पण कुठल्या बाजूला आणि का सरकवायचं, हे न सांगता नुसती किल्ली हातात देणं म्हणजे गणित न शिकवता उत्तरपत्रिका वाटणं. शर्यतीतले जाणकार मुद्दाम पुढे-मागे बसवतात, ते त्यांना शोभतं. त्यांना आपला मूळ बिंदू माहीत असतो.

आणि एक, वजन न विचारता विकलेली, गरजेपेक्षा कडक स्की बाइंडिंग सरकवून नरम होत नाही. स्कीवर दोन्ही पायांनी उभं राहावं, खाली कागद सरकवून पाहावा. तो सरकायला हवा. सगळा भार एका पायावर दिला की त्या स्कीखालचा कागद अडकायला हवा. पाच मिनिटांचं काम!

शिकणारा अडखळला की आधी त्याच्या पायातली वस्तू तपासावी, मग पाय. ड्रिल हातात घेणाऱ्यानं आधी वजन विचारावं आणि दोन्ही स्की वेगवेगळ्या तोलाव्यात. तो तोलत नसेल, तर गिऱ्हाइकानं काउंटरवरून हलू नये.