तेच बाकडं, तीच चिमणी

बालमित्रांनो, मालवणकडच्या जत्रेत दशावतार बघितलाय ना? पारंपरिक खेळात सामान ते किती! एक लाकडी बाकडं. राजा बसला की दरबार, दमलेला वाटसरू टेकला की रान. संवादांची वही नसते, नट आयत्या वेळी बोलतात. मग प्रेक्षकाला कळायचं कसं? ठरलेल्या खुणांनी! काळ्या वेषातला, लाल जिभेचा संकासुर दिसला की हा वेद चोरणारा, हे आजीच्या मांडीवरच्या पोरालाही ठाऊक. (आणि तो मालवणीत बोलायला लागला की पेंगणारेही जागे होतात!)

ह्या खुणा आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलोय. सिनेमाला मात्र आपली खूण दोन तासांत शिकवावी लागते. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा ‘फँड्री’ घ्या. जब्याला काळी चिमणी हवी आहे. तिची राख शालूवर टाकली की ती आपल्यावर प्रेम करील, असं त्याच्या डोक्यात बसलंय. सुरुवातीला आपल्याला गंमत वाटते. चिमणी पुन्हा पुन्हा दिसते, हाती मात्र लागत नाही. पुढे शाळेतल्या मुलांसमोर जब्याला घरच्यांबरोबर डुकरं पकडावी लागतात. मुलं हसतात, शालूही असते. तेव्हा लख्ख कळतं, जातीपायी ह्या पोराच्या हातून काय काय निसटतंय ते.

आईबाबांबरोबर हा पिक्चर जरूर बघा. चिमणी किती वेळा येते ते मोजा. आणि हो, जब्याला कोण हाक मारतं, कुठल्या कामासाठी, तेही बघा हं!