चीनला चाललात? पहिल्या खेपेला माल घेऊ नका, फिरून या



मागच्या महिन्यात गंजगोलाईत एका पोराने मला थांबवलं. मोबाईल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे त्याचं. म्हणाला, "सर, चीनला चाललोय. पाच दिवसांची बिझनेस टूर आहे. फॅक्टऱ्या दाखवणार, माल बुक करून देणार, सगळं तेच बघणार." मी विचारलं, "आणि फिरणार कधी?" तो हसला. "फिरायला कुणाला वेळ आहे सर? धंद्याचं बघायला चाललोय."

त्याला उभ्या उभ्या जे सांगितलं, तेच आज इथं नीट लिहितो. माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही, तरी सांगतो. चीनसारख्या अवाढव्य, अनोळखी देशात पहिल्यांदा जाताना माल घ्यायला जाऊ नका. साधं पर्यटक म्हणून जा. आणि त्या फिरण्याचं नियोजन दुसऱ्यावर न सोपवता स्वतः करा. धंद्याचं खरं शिक्षण त्यातच आहे.

आधी माझी चूक सांगतो

२०१७ साली मीही असाच पाच दिवसांच्या टूरवर ग्वांगझौला गेलो होतो. द्रोण-पत्रावळीचं मशीन घ्यायचं डोक्यात होतं. सकाळी बस हॉटेलच्या दारात यायची, शोरूमला न्यायची, दुपारी जेवण, परत शोरूम, रात्री हॉटेल. बोलणारा एजंट, भाव करणारा एजंट, "हा चांगला माणूस आहे" असं सांगणाराही एजंटच. चौथ्या दिवशी मी तीन लाख चाळीस हजारांचं मशीन बुक केलं. त्यात बायकोच्या पाटल्याही होत्या.

शेवटच्या संध्याकाळी सहज एकटा हॉटेलच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथं मशिनरीच्या दुकानांची रांगच होती. तसलीच मशीनं, त्यांचे साचे, सुटे भाग, सगळं रस्त्यावर मांडलेलं. पण मला भाव विचारता येईना, आणि विचारून उपयोगही नव्हता. पैसे गेलेले होते. मशीन लातूरला आलं, चार महिन्यांत साचा तडकला, दुसरा कुठला बसेना. एजंटचा फोन लागेना.

त्या एजंटला मी फार दोष देत नाही. त्याचा तो धंदा होता. चूक माझी होती. पहिल्या दिवशी जी गल्ली पायी फिरायला पाहिजे होती, ती मी शेवटच्या दिवशी फिरलो.

फिरणारा माणूस जास्त बघतो

माल घ्यायला गेलेल्या माणसाला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे भाव. फिरायला गेलेल्याला लोक काय खातात, काय विकतात, दुकान कसं मांडतात, गिऱ्हाइकाशी कसं बोलतात हे सगळं दिसतं.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. लातूर म्हटलं की सोयाबीन. आपण ते बाजार समितीत घालतो, त्याचं तेल निघतं, पेंड निघते, विषय संपला. आता तुम्ही चीनमध्ये सकाळी सात वाजता कुठल्याही साध्या गल्लीत जा. हातगाड्यावर गरम सोया दूध मिळतं, सोबत आपल्या चिरोट्यासारखा नाही पण तसाच तळलेला लांब पिठाचा दांडा. त्याच सोयाबीनचं टोफू, वाळवलेल्या चिवट पट्ट्या, सॉस, किती प्रकार! सोयाबीनचं मूळ पीकच चीनमधलं. दरवर्षी साधारण दहा कोटी टन सोयाबीन हा देश बाहेरून आणतो. हे तुम्ही व्हिडिओत बघाल तर "बरं आहे" म्हणाल. तिथं उभं राहून पिलात, गाडेवाल्याचं भांडं, गाळणी, कप, पैसे घ्यायची पद्धत बघितलीत, तर परत येताना डोक्यात एक धंदा असेल. फॅक्टरी दाखवणाऱ्या बसच्या खिडकीतून हा गाडा दिसत नाही.

देश किती मोठा आहे, ते आधी समजून घ्या

चीनचं क्षेत्रफळ सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून "चीन बघून येतो" हे वाक्यच चुकीचं आहे. नियोजनातला पहिला प्रश्न "काय काय बघायचं" हा नसतोच, "काय सोडायचं" हा असतो. नवा दुकानदार शंभर वस्तू भरतो आणि फसतो. दहा वस्तू नीट विकणारा टिकतो. सहलीचंही तेच.

बारा दिवस असतील तर माझी यादी एवढीच असेल.

बीजिंग, तीन दिवस. जुना राजवाडा आणि मोठी भिंत. राजवाडा सोमवारी बंद असतो. तिकीट पासपोर्टच्या नावावर आधी काढावं लागतं, आणि दिवसाच्या माणसांना मर्यादा असते. दारात जाऊन तिकीट काढू म्हणाल तर दारातूनच परत याल.

शीजियाझ्वांग, अर्धा दिवस. हे नाव कुठल्याच टूरच्या कागदावर नसतं. पण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक तिथं आहे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक युद्धातल्या चीनला गेलं, त्यात ते होते. तिथली भाषा शिकले, जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणतात. आपल्या सोलापूरच्या माणसाचं नाव एवढ्या लांबच्या गावात आदराने घेतात, ही ओळख कुठल्याही व्हिजिटिंग कार्डापेक्षा मोठी आहे. आणि बीजिंगहून शिआनला जाताना हे गाव वाटेतच लागतं.

शिआन, दोन दिवस. १९७४ साली तिथल्या शेतकऱ्यांना विहीर खोदताना मातीचे सैनिक सापडले. आपल्याकडं आठशे फूट बोअर मारली तरी फुफाटा निघतो, त्यांना हजारोंची फौज निघाली! आज जगभरातून माणसं ती बघायला येतात. तिकीट, बस, खानावळ, छोट्या मूर्तींची दुकानं, एका विहिरीवर किती कुटुंबांचं चालतं ते मोजा. याच शहरात ह्युएनत्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ साली बांधलेला मनोरा आहे. तो भिक्षू सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता. त्याने इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं, ते आपण आजही वाचतो. फिरणाऱ्याने वही ठेवली तर काय होतं, याचं दुसरं उदाहरण कशाला पाहिजे?

शांघाय, दोन दिवस, आणि तिथून एक दिवस यीवू. यीवूचा घाऊक बाजार म्हणजे आपली गंजगोलाईच, पण जग भरेल एवढी. गोलाईला सोळा रस्ते मिळतात आणि प्रत्येक मालाची आपली जागा असते. तिथंही तसंच, फक्त दुकानं सुमारे पंच्याहत्तर हजार. एका दिवसात सगळं बघून होणार नाही. तुमच्या धंद्याचा एकच मजला निवडा, फिरा, भाव लिहा आणि एकही वस्तू बुक न करता बाहेर या. हे जमलं तर तुम्ही तयार झालात असं समजा.

उरलेले दिवस प्रवासाला आणि आरामाला. बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर, वेगवान रेल्वे साडेचार तासांत नेते. आपल्याला लातूरहून मुंबई गाठायला अख्खी रात्र लागते! तरीपण रोज नवं शहर धरू नका. दमलेला माणूस बघत नाही, फक्त फोटो काढतो.

कधी जायचं

एक ऑक्टोबरपासून त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, आठवडाभर सगळा देश रस्त्यावर. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष येतं, तेव्हा कारखाने आणि छोटी दुकानं बंद. एक मेला परत सुट्टी. शिवाय ऑक्टोबरात आपली सोयाबीनची काढणी, बाजार गरम. म्हणून एप्रिल बरा. फक्त ग्वांगझौचा प्रसिद्ध व्यापार मेळा, जो १९५७ पासून भरतो, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो. तेव्हा त्या शहरात हॉटेलं महाग होतात. पहिल्या खेपेला त्या गर्दीच्या वाटेला जाऊ नका.

२०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये परत सुरू झाली, पहिलं कोलकाता ते ग्वांगझौ. व्हिसा मात्र आधी काढावाच लागतो. फिरायला जाताना पर्यटक व्हिसाच मागा आणि तिथं फिराच. व्यापारासाठी वेगळा व्हिसा असतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक पाहिजे.

तिथं गेल्यावर अडतं ते इथंच सोडवा

गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, जीमेल हे चीनच्या नेटवर चालत नाही. म्हणजे नकाशा गेला, घरचा फोन गेला, तिकिटाचा मेलही गेला. म्हणून आपल्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग घ्या. आणि सगळी तिकिटं, हॉटेलचा चिनी लिपीतला पत्ता, व्हिसाची प्रत कागदावर छापून घ्या. कागद कधी हँग होत नाही.

पैसे देणं तिथं मोबाईलवर चालतं, अलीपे आणि वीचॅटवर. आपलं फोनपे, गूगलपे तिथं धरून चालू नका. परदेशी कार्ड अलीपेला जोडता येतं, पण सगळीच कार्डं जुळतात असं नाही. बँकेत सांगून कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, घरी बसून जोडून बघा, आणि थोडे रोख युआन सोबत ठेवा.

शाकाहारी असाल तर "मी मांस, मासे, अंडी खात नाही" हे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा. बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खानावळी सापडतात. शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या, ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

बघा, या सगळ्यात तुम्ही काय करताय? जोखीम आधीच शोधताय, पर्याय तयार ठेवताय, खर्चाची ओळ न् ओळ लिहिताय. वर पंधरा टक्के राखीव ठेवताय. बँकेत प्रकल्प अहवाल देताना हेच तर करायचं असतं! फरक एवढाच की तो अहवाल आपण दुसऱ्याकडून लिहून घेतो, आणि हा स्वतः लिहावा लागतो.

"सर, पण हे पैशाचं काम आहे"

आहेच. म्हणून हेही स्पष्ट लिहितो. धंद्याच्या भांडवलातून एक रुपयाही या सहलीला काढू नका. मुद्रा कर्जातून तर नाहीच नाही. उधारी अंगावर असेल तर आधी ती फेडा. पैसे नसतील तर चीन कुठं पळून जात नाही. तोवर कोइमतूरला जाऊन या. भाषा येत नाही, खाणं वेगळं, आणि ग्राइंडर-पंपांचे कारखाने गल्लोगल्ली. चार दिवस, रेल्वेने, स्वतःच्या नियोजनाने. तिथं जमलं तर परदेशातही जमेल.

काही जण म्हणतील, सगळं टूर कंपनीवर सोपवलं तर सोपं पडतं. वयस्कर आई-वडिलांना न्यायचं असेल तर मीही तेच करीन. पण तुम्ही उद्योजक व्हायला निघालात. सोय विकत घेणाऱ्याच्या हाती सोयच लागते, माहिती लागत नाही.

परत आल्यावर

बॅगेत भरून आणलेला माल विकता येईल या भ्रमात राहू नका. विक्रीसाठी आयात करायची तर डीजीएफटीचा आयात-निर्यात कोड लागतो. तो ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. आणि माल कुठला यावर पुढचे नियम असतात. खेळण्यांचंच बघा, १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस प्रमाणपत्राशिवाय खेळणी विकता येत नाहीत. यीवूत वीस रुपयांना दिसलेली बाहुली लातूरला विकणं म्हणूनच एवढं सोपं नाही. हे हिशोब घरी, शांतपणे, सीएकडं बसून करायचे. एजंट शेजारी उभा असताना नाही.

मग दुसऱ्या खेपेला खुशाल माल घ्यायला जा. तेव्हा गल्ली तुमच्या ओळखीची असेल.

तो गोलाईतला पोरगा शेवटी म्हणाला, "म्हणजे सर, टूरचा ॲडव्हान्स सोडून देऊ?" मी म्हणालो, "किती दिलास?" "दहा हजार." माझे तीन लाख चाळीस हजार मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही, फक्त मोबाईल काढून कोइमतूरची गाडी बघायला लागला.

आता तुमचं काम. आज रात्री वहीचं एक पान घ्या. जायचं ठिकाण लिहा, चीनच असलं पाहिजे असं नाही. त्याखाली तीन ओळी लिहा. मी काय बघणार, मी काय सोडणार, आणि मी तिथं काय विकत घेणार नाही. तिसरी ओळ लिहिताना हात अडला, तर अजून निघायची वेळ झालेली नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.