निधी वरचा, जबाबदारी खालची, बुडणार कोण?

पंधराव्या वित्त आयोगाने शहरी पूर रोखण्यासाठी सात महानगरांना 2,500 कोटी रुपयांची शिफारस केली. मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना प्रत्येकी 500 कोटी. पुणे, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद यांना प्रत्येकी 250 कोटी. या यादीत नागपूर नव्हतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली आणि किमान चार जीव गेले. मग सरकारने घरामागे दहा हजार रुपये जाहीर केले. आधी खर्च करायचा नाही आणि नंतर मदत वाटताना फोटो काढायचे, ही आपली जुनी रीत आहे.

तलाव महानगरपालिकेचा. सांडव्याच्या तोंडाशी स्वामी विवेकानंदांचं स्मारक उभं, त्याने पाण्याची वाट अडते अशी नागरिकांची तक्रार. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. पण त्या पहाटे जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. निवडणूकच घ्यायची नाही आणि म्हणायचं, ही स्थानिक संस्थेची जबाबदारी! (याच अंबाझरीतलं डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन 2021 मध्ये पाडलं गेलं आणि त्यासाठी आपल्या बायाबापड्या धरण्यावर बसल्या, हे विसरू नका. तिथे कोणतं बांधकाम राहतं आणि कोणतं जातं, हे पाण्याचा अभियंता ठरवत नाही.)

संविधानाच्या राज्य सूचीत जलनिस्सारण आणि बांध आहेत, म्हणजे मूळ जबाबदारी राज्याची. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय दिले, त्यात पुराचा उल्लेख नाही. नाल्या-गटारं मात्र नगरपालिकेच्या गळ्यात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात 2025 साली दुरुस्ती झाली, नागरी प्राधिकरणाची तरतूद आली, तीही राजधान्या आणि महानगरपालिकांच्या शहरांसाठी. नगरपंचायती आणि आमच्या धामणगाव बढेसारखी बाजारपेठेची गावं त्यात कुठेच नाहीत. दुकानं वाढली, सिमेंटचे रस्ते झाले. पाणी मुरायची जागा शहरासारखी गेली, निधी मात्र खेड्याचाच.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. 1943 च्या दामोदरच्या पुरानंतर त्या खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेची पायाभरणी त्यांच्या खात्याने केली. नोव्हेंबर 1945 मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांबद्दल बोलताना, नुसते बांध घालून पूर हटत नाही, पाणी साठवून वापरात आणलं पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. आपण 14 एप्रिलला त्यांच्या नावाने पाणपोई लावतो, पण त्यांचं पाणीधोरण किती जणांनी वाचलंय?

आता कडू बोलतो. नदीकाठी पूररेषा आखतात, निळी आणि लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. पण रेषा आखायच्या आधीपासून तिथे कोण राहतं? गावाने ज्यांना नाल्याकाठची, उताराची जागा दिली, ते. आज त्यांनाच अतिक्रमणधारक म्हणायचं. पंचनाम्याला तलाठी आला की सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती मागतो. ज्याच्या नावावर जागा नाही, त्याचं घर बुडूनही कागदावर कोरडंच राहतं.

यात आपली चळवळही सुटत नाही. वस्ती विकासाचा निधी आला की आपण कमान मागतो, समाजमंदिराला टाईल्स मागतो. त्याच योजनेत गटार बसतं, पण त्यासाठी कोणी उपोषणाला बसलेलं मी अजून पाहिलं नाही. गटारावर कोनशिला लागत नाही ना!

म्हणून पावसाळ्याआधी तीन कागद मागा. आपल्या नदी-नाल्याची पूररेषा आखली आहे का, असल्यास नकाशा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात आपल्या वस्तीचं नाव. आणि मागच्या पाच वर्षांत नालेसफाईवर झालेला खर्च, बिलांसह. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, तेव्हा अर्ज ग्रामसेवकाकडे देऊन गप्प बसू नका. ग्रामसभेत ठराव घ्या: नाल्याकाठच्या घरांना आधी जागेचा पट्टा, मग स्थलांतराची चर्चा. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घ्या आणि थेट बुलढाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयात पोच घेऊन द्या.