नेरळची वाढ: आधीं घरें कीं आधीं पाणी?

‘आधीं वस्ती होऊं द्या, पाणी मागाहून येईलच,’ हा नवा शास्त्रार्थ नेरळच्या बाबतींत आतां उघडपणें सांगण्यांत येऊं लागला आहे. आमच्या मतें तो शास्त्रार्थ नसून शुद्ध व्यापार आहे. मुंबईच्या लोकलगाडीच्या टप्प्यांत, माथेरानच्या पायथ्याशीं, हिरव्या डोंगराचें चित्र दाखवून सदनिका विकणाऱ्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव असतो, कारंजें असतें. चैत्र-वैशाखांत नळाला पाणी कोठून येणार, एवढेंच काय तें नसतें.

यावर ठरलेलें उत्तर असें कीं, शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या, उल्हासेच्या कांठच्या गांवाला पाण्याची काय वाण? पाऊस पडतो हें खरें. पण तो चार महिन्यांत पडतो, आणि सह्याद्रीचा काळा कातळ तो धरून ठेवीत नाहीं. राहिली नदी. ती उन्हाळ्यांत वाहते, पण बहुतांशीं स्वतःच्या पाण्यानें नव्हे. घाटमाथ्यावर मावळांत आंध्रा नदीला ठोकरवाडीचें धरण घालून टाटांनीं तें पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरांत उतरविलें. तेथील चक्रें फिरवून सुटलेलें पाणीच पुढें उल्हासेंत येतें. हें पाणी मूळचें भीमेच्या खोऱ्यांतलें. तें पूर्वेकडे परत द्या, अशी मागणी घाटावर होतच आहे. शिवाय ह्याच प्रवाहावर खालीं बदलापूर, उल्हासनगर, कल्याण यांची तहान अवलंबून. माथेरानलाहि नेरळच्या बाजूनें हेंच पाणी पंपांनीं चढवावें लागतें. म्हणजे ज्या ठेवीवर नेरळनें नवा संसार मांडावयाचा, ती परक्याच्या नांवची, आणि तिचे भागीदार अनेक!

आतां जरा हिशेब पाहूं. नेरळचा कारभार आजवर ग्रामपंचायतीच्या हातीं चालत आलेला. २०१९ पासूनच्या जलजीवन मोहिमेंत खेड्याला माणशीं दररोज ५५ लिटर पाणी धरतात. शहरी पाणीपुरवठ्याचें प्रमाण १३५ लिटर. सदनिका विकतांना नेरळ शहर असतें, पाणी मोजतांना तें खेडें होतें! एक हजार सदनिका आणि दर घरीं चार माणसें धरलीं, तर खेड्याच्या मापानें दिवसाला २,२०,००० लिटर लागतात, शहराच्या मापानें ५,४०,०००. मधल्या ३,२०,००० लिटरांसाठीं दहा हजार लिटरांचे बत्तीस टँकर रोज हवेत. ते कोठें भरणार? डोंगरकुशींतल्या ज्या वाड्यांतील बायाबापड्या उन्हाळ्यांत हंडे घेऊन वणवण करितात, बहुधा त्यांच्याच शेजारच्या विहिरींवर.

मर्यादा घातली तर घरें महागतील, मग गरिबानें जावें कोठें, असा कळवळाहि आम्हांस ऐकविला जातो. तो कोणाच्या तोंडीं शोभतो हा प्रश्न सोडला, तरी आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. कॅलिफोर्नियांतील बोलिनास गांवानें १९७१ सालीं नव्या नळजोडण्याच थांबविल्या. गांव वाढलें नाहीं, पण तेथील घर सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेर गेलें. म्हणून कायमचें कुलूप आम्ही मागत नाहीं. मे महिन्यांत प्रत्यक्ष हातीं येणाऱ्या पाण्याचें मोजमाप दरवर्षीं प्रसिद्ध व्हावें, त्यांतून जुन्या वस्तीचा व वाड्यांचा वांटा आधीं काढावा, आणि उरेल तितक्याच घरांना परवाने द्यावे. ‘टँकरनें भागवूं’ हें बिल्डराचें हमीपत्र पाणी म्हणून गणलें जाऊं नये. आमच्या वाचकांपैकीं कित्येक निवृत्तीनंतरच्या बिऱ्हाडासाठीं नेरळकडे पाहत असतील. त्यांनीं सज्जाचें माप विचारण्यापूर्वीं हा मे महिन्याचा आंकडा विचारावा, आणि विकणाऱ्याजवळ तो नसेल तर विसार देऊं नये.