हळदीचा पाला पेटवण्याआधी

फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढणी सुरू झाली की अर्धापूर-वसमत पट्ट्यात बांधाबांधावर पाल्याचे ढीग लागतात. आधी विळ्याने पाला जमिनीलगत कापायचा, मग कंद उकरायचे. कंदाला बाजार आहे, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पाला मात्र बांधावर वाळतो आणि पुष्कळदा काडी लावून मोकळे होतात. मी हळद, केळी आणि शेततळ्यात मासे असे तिन्ही करतो. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी खारवते, तेव्हा या पाल्याचा माशांसाठी उपयोग होतो का, हे आपल्याच भागात, आपल्याच पाण्यात तपासले पाहिजे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर मराठवाड्यात तळी वाढली. अस्तराच्या तळ्यात पाणी मुरत नाही, पण उडते. क्षार मात्र तिथेच राहतात. बोअरच्या पाण्यात लिटरला दीड ग्रॅम क्षार धरा. निम्मे पाणी उडाले आणि तेवढेच बोअरचे पुन्हा भरले, तर प्रमाण सव्वादोनवर जाते. पुढच्या भरणीला आणखी वर. तळ्यातून पिकाला पाणी दिले तर थोडे क्षार निघून जातात. पण मे महिन्यात माशांसाठी राखलेल्या पाण्यातून कोण उपसा करणार?

माझी बहीण लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात दिली आहे. तिकडे दाजींच्या तळ्यात रोहू, कटला आणि मृगळ आहेत. बांबूला टांगलेली खाद्याची पिशवी सकाळी वर ओढली की उन्हाळ्यात निम्मी पेंड तशीच निघते. मासा हातात घेतला तर अंगावर बुळबुळ जास्त लागते. मेमध्ये पाणी तपासले, तर विद्युतवाहकता (ईसी) साडेतीनच्या वर, म्हणजे लिटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. दाजी म्हणाले, “मरत नाहीत, पण वाढतबी नाहीत.” नुकसान नेमके इथे होते. मेलेला मासा दिसतो, खुंटलेला दिसत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरला नऊ-दहा ग्रॅम क्षार असतात. बाहेरचे पाणी त्याहून फिके, म्हणून ते सारखे अंगात शिरते. मासा ते पातळ लघवीवाटे टाकतो आणि लागणारे क्षार कल्ल्यांनी ओढून घेतो. बाहेरचे क्षार वाढले, त्यात दुपारचे ऊन आणि पहाटेची प्राणवायूची ओढ आली, की ही घडी विस्कटते. ताणाचे संप्रेरक वाढते, पेशींची झीज होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. लिटरला चार-पाच ग्रॅमच्या पुढे क्षार गेले तर रोहूची वाढ ठळकपणे मंदावते. बोटुकली तर आणखी नाजूक.

पाणी बदला, असा सल्ला मिळतो. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे माशांसाठी पाणी कुठून बदलणार? हरियाणा-पंजाबात खाऱ्या भूजलावर कोळंबी घेतात. रोहतकजवळ लाहलीला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे त्यासाठी केंद्र आहे. आपले पाणी तेवढे खारे नाही. कोळंबीला फिके, रोहूला जड, असे हे मधलेच दुखणे आहे.

म्हणून पाला. पाल्याने पाण्यातले क्षार कमी होत नाहीत, हे आधी स्पष्ट सांगतो. त्याचा उपयोग माशाच्या अंगात व्हायचा आहे. पेरू, शेवगा, हळद यांच्या पानांत पेशींची झीज रोखणारी द्रव्ये असतात. खाद्यात पेरूचा पाला दिल्यावर रोहूची वाढ आणि एरोमोनास जंतूविरुद्धची तग सुधारल्याचे संशोधन 2015 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मीही पेरूचा पाला सावलीत वाळवून, दळून, सोयाबीन पेंड आणि भाताच्या कोंड्यात मळून देतो. मासे ते आवडीने खातात. त्यापुढे मी दावा करत नाही, कारण पाला न दिलेले दुसरे तळे शेजारी नाही.

हळदीचे काम पेरूइतके सरळ नाही. कापणीला पान पिवळे पडलेले असते. हिरव्या पानातले द्रव्य त्यात किती उरते? करप्यासाठी मारलेल्या औषधाचा अंश त्यावर असतो का? केळीच्या पानाला हाच प्रश्न. आणि कुणी ढीगच तळ्यात लोटला, तर कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू खाईल आणि एका पहाटेत सगळे मासे उलटे पडतील.

हे प्रश्न सोडवायला लांब जायला नको. लातूर जिल्ह्यातच उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. त्यांनी नांदेड-लातूरमधली खाऱ्या होत जाणारी तळी निवडावीत, निम्म्या तळ्यांत पाल्याचे खाद्य आणि निम्म्यांत साधे द्यावे, आणि फेब्रुवारी ते जून मासे तोलत राहावे. पाला आम्ही देऊ, तळी आमची आहेत. मत्स्य विभागानेही बीज देताना तळ्याच्या पाण्याची ईसी मोजून घ्यावी. पुढच्या काढणीआधी हे ठरले, तर निदान त्या वर्षीचा पाला पेटवायचा की दळायचा, हे शेतकऱ्याला सांगता येईल.