वेगाची मोजपट्टी कोणाच्या हाती?

पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला घड्याळाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. एका सुट्या भागाला किती सेकंद लागावेत, जुळणीच्या साखळीवर प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ यावा, याची मोजणी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. हिंजवडी आणि तळवडे येथील संगणक अभियंता मात्र या परंपरेशी आपला संबंध नाही, असे मानीत आला. त्याच्या पाठीशी घड्याळ घेऊन कोणी उभा राहत नाही, हे खरे. पण त्याच्याही कामाची मोजणी होते, आणि त्या मोजपट्टीचे नाव आहे ‘व्हेलॉसिटी’, म्हणजे वेग.

ही मोजपट्टी मुळात काय आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. कारण न समजता केलेला विरोध दुबळा ठरतो. ‘अजाइल’ पद्धतीत काम बहुधा दोन आठवड्यांच्या टप्प्यांत विभागले जाते. प्रत्येक कामाला, ते करणारा गटच अवघडपणानुसार गुण देतो : १, २, ३, ५, ८, १३. टप्पा संपला की पूर्ण झालेल्या कामांच्या गुणांची बेरीज म्हणजे त्या गटाचा वेग. समजा, एका गटाने तीन टप्प्यांत २८, ३२ आणि ३० गुणांचे काम पुरे केले, तर सरासरी ३० आली. १८० गुणांचे काम शिल्लक असेल, तर आणखी सहा टप्पे, म्हणजे बारा आठवडे लागतील. यात गैर काहीच नाही. उलट, वरून लादलेली तारीख अशक्य आहे, हे आकड्यानिशी सांगण्याचे साधन त्यामुळे काम करणाऱ्याच्या हाती येते.

या विचाराचा उगमही तसाच आहे. १९९०च्या दशकात क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीच्या पगारपत्रकाची संगणकप्रणाली रचताना केंट बेक, रॉन जेफ्रीज आदींनी जी कार्यपद्धती घडविली, तिच्यात अंदाज बांधण्याचा अधिकार प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा होता. २००१ साली सतरा जणांनी काढलेल्या अजाइल जाहीरनाम्यानेही साधनांपेक्षा माणसांना अधिक मोल दिले.

मग बिघडले कोठे? गटाच्या फळ्यावरचा आकडा व्यवस्थापकाच्या तक्त्यावर गेला, तेथे. या वेळी ३० झाले, पुढच्या वेळी ३६ का नकोत? शेजारच्या गटाचे ४५, मग यांचे ३०च कसे? वस्तुतः हे गुण म्हणजे किलो वा मीटर नव्हेत. दोन गटांच्या वेगाची तुलना म्हणजे एकाची वीत दुसऱ्याच्या वितीशी ताडणे होय. अशा दडपणाचा परिणाम ठरलेला असतो. काल ५ गुणांचे असलेले काम आज ८ गुणांचे होते. आकडा चढतो, काम तेवढेच राहते. किंवा चाचणी घाईने उरकली जाते आणि राहिलेल्या चुका निस्तरण्यात अभियंत्याचा रविवार जातो. मोजमाप हेच लक्ष्य झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलननीतीसंबंधी मांडलेल्या विचाराचे हे सार येथेही लागू पडते. खुद्द जेफ्रीज यांनी या गुणपद्धतीबद्दल पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. ‘स्क्रम’ या अजाइलमधील सर्वांत प्रचलित पद्धतीच्या २०२०च्या अधिकृत मार्गदर्शिकेत व्हेलॉसिटी हा शब्दही नाही.

कामगार चळवळीला ही कहाणी परकी नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. विणकरांना दोनऐवजी तीन माग सांभाळावयास लावणारी ‘कार्यक्षमता’ योजना हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. भांडण मागाशी नव्हते. किती माग, किती मजुरीवर आणि कोणाला विचारून, हा प्रश्न होता. पुढे जेथे संघटना बळकट झाल्या, तेथे उत्पादनाचे प्रमाण वेतनकरारात लिहिले जाऊ लागले आणि ते वाढवावयाचे तर मालकाला वाटाघाटीस बसणे भाग पडू लागले. चाकणचा कंत्राटी कामगार आणि हिंजवडीचा अभियंता यांच्या पगारांत मोठे अंतर असेल. पण वाटाघाटीच्या त्या मेजावर दोघांनाही खुर्ची नाही.

ग्राहक पैसे मोजतो, त्याला प्रगती कळावयास नको काय, असा प्रश्न विचारला जाईल. अवश्य कळावी. चालती प्रणाली त्याच्यापुढे ठेवणे हा त्याचा सरळ मार्ग आहे. त्यासाठी माणसांच्या वेगाची शर्यत लावण्याचे कारण नाही.

तेव्हा या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी संगणक अभियंत्यांपुढे जाताना केवळ घोषणा नेऊ नयेत. त्यांच्या रोजच्या कामातील नेमक्या मागण्या न्याव्यात. गटाचा वेग वार्षिक मूल्यमापनात आणि पगारवाढीत मोजला जाऊ नये. दोन गटांची तुलना होऊ नये. जो काम करणार, त्याचाच अंदाज ग्राह्य धरावा. तारीख गाठण्यासाठी लागलेल्या जादा तासांची नोंद व्हावी आणि त्यांचा मोबदला मिळावा. मागण्या लहान आहेत. परंतु आपल्या श्रमाचे माप ठरविण्यात आपलाही वाटा असला पाहिजे, हे ज्या दिवशी हिंजवडीचा अभियंता म्हणू लागेल, त्या दिवशी तो चाकणच्या कामगाराशेजारी येऊन उभा राहिलेला असेल.